शेवाळातील तेल आणि जनुकांची कात्री



घोडपदेवच्या माणसाला तेलाची ओळख करून द्यायला नको. गिरण्या चालू होत्या तेव्हा साच्यावरून परतणाऱ्याच्या कपड्यांना तेलाचा वास असे, आणि जवळच्या भाऊच्या धक्क्यावर लागणाऱ्या मच्छीमार होड्या आजही डिझेलवरच चालतात. हे इंधन आपण बव्हंशी परदेशातून आणलेल्या खनिज तेलापासून काढतो. आता खनिज तेल म्हणजे तरी काय? प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीव गाळाखाली दडपले गेले आणि लक्षावधी वर्षांच्या उष्णतेने व दाबाने त्यांचे रूपांतर झाले, तेच हे. मग ज्यांच्या पूर्वजांनी तेल दिले, त्यांच्याकडून ते आठवडाभरात का मिळवू नये?

असा एक वंशज म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ. याचा प्रत्येक जीव एकाच पेशीचा. ऊन, पाणी व हवेतला कर्बवायू घेऊन तो वाढतो, आणि काही जाती पोटात तेलाचे थेंब साठवतात. त्यांना सुपीक शेतजमीन लागत नाही. काहींना समुद्राचे खारे पाणीही चालते. अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात सरकारी खर्चाने यावर संशोधन केले. तेव्हा एक पेच स्पष्ट झाला.

पेच असा. पाण्यात नत्र भरपूर असेल तोवर शेवाळाच्या पेशी वाढतात, पण तेल थोडेच करतात. नत्र तोडले, की प्रथिने बनत नाहीत, नव्या पेशी होत नाहीत. ऊन मात्र येतच असते, म्हणून मिळालेला कर्ब तेलाच्या रूपाने साठू लागतो. सुगीत माणूस घर वाढवतो आणि दुष्काळाच्या चाहुलीने कणग्या भरतो, तसेच हे. म्हणजे तेल हवे तर वाढ थांबते, वाढ हवी तर तेल नाही!

येथे जनुकशास्त्र मदतीला येते. पूर्वी अतिनील किरणांचा मारा करून जनुकांत आंधळे बदल घडवीत आणि हजारो पेशींतून एखादी बरी निवडीत. आता क्रिस्पर नावाची कात्री आहे. नेमका पत्ता दिला, की ती त्याच ठिकाणी जनुक कापते. या शोधाबद्दल २०२० साली शार्पांतिए व डाउडना या दोघी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरोप्सिस या शेवाळात तेलनिर्मितीला लगाम घालणारे एक जनुक शोधले. ते पूर्ण तोडले तेव्हा तेल वाढले, पण वाढ खुंटली. मग त्यांनी ते तोडण्याऐवजी मंद केले. तेल सुमारे दुप्पट झाले आणि वाढीला फारसा धक्का लागला नाही. येथे दिवा विझवायचा नव्हता, वात खाली करायची होती.

आपल्या मुंबईचाही या विद्येला हातभार आहे. पवई तलाव १८९०-९१ च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला. त्याचे पाणी पुढे पिण्याजोगे राहिले नाही. त्याच पाण्यातून पवईच्या आयआयटीतील प्रमोद वांगीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेकोकॉकस जातीचा एक नीलहरित जीव वेगळा केला आणि २०१८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अनुकूल ऊन व उष्णता मिळाली, तर तो २.३ तासांत दुप्पट होतो. शिवाय बाहेरचा डीएनए तो आपणहून आत घेतो. म्हणून त्यात हवे ते जनुक घालणे सोपे जाते. हा जीव काही तेलाचा साठा करणारा नव्हे. तथापि कर्बवायूपासून उपयुक्त रसायने करून घेण्यासाठी असा चपळ कामगार फार मोलाचा.

मग पंपावर शेवाळाचे डिझेल का मिळत नाही? कारण जनुक सुधारले तरी पाणी तेच राहते. उघड्या तळ्यातल्या लिटरभर पाण्यात सुके शेवाळ बहुधा ग्रॅमभरही भरत नाही. ते गाळणे, वाळवणे, त्यातून तेल काढणे यातच खर्च वाढतो. २००९ साली या कामात उतरलेल्या एक्सॉनमोबिलनेही पुढे हात आखडता घेतल्याचे २०२३ साली जाहीर झाले. याशिवाय बदललेला जीव तळ्याबाहेर गेला तर काय, हा प्रश्न आहेच. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार सरकारी परवानगीशिवाय असा जीव उघड्यावर सोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा उद्याच शेवाळावर मोटारी धावतील असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण हे सारे थोतांड आहे असे म्हणणाऱ्याचेही ऐकू नका. निसर्गाने लक्षावधी वर्षे घेतलेले काम माणूस आठवड्यात करू पाहतो आहे. त्याला काही दशके लागली तर त्यात नवल ते काय?