माळ्यावरचा मोडेम

दिवाळीची साफसफाई माळ्यापर्यंत पोचली की बऱ्याच घरांत एक पिशवी खाली येते. तिच्यात गुंडाळलेल्या वायरी, कशाचे ते न आठवणारे दोन ॲडॉप्टर, फोनच्या लाईनला लावायची पांढरी डबी आणि धुळीनं राखाडी पडलेला मोडेम असतो. घरात फायबर आलं त्या दिवशी जोडणीला आलेल्या मुलानं तो काढून बाजूला ठेवला आणि कुणीतरी पिशवीत भरला. ‘टाकून देऊ या का?’ असं एकजण विचारतो, ‘राहू दे, लागेल कधीतरी,’ असं दुसरा म्हणतो आणि पिशवी पुन्हा माळ्यावर जाते.

तो लागू शकतो. पण त्यासाठी आधी त्या डब्याच्या आत काय काय आहे ते समजून घ्यायला हवं.

भारतात घरोघरी ब्रॉडबँड पोचलं ते फोनच्या तांब्याच्या तारेवरून. २००४ च्या सरकारी धोरणानं २५६ केबीपीएस आणि त्यावरच्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटलं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलनं ‘ट्राय बँड’ या नावानं सेवा सुरू केली. पुढची काही वर्षं रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे, म्हणून पहाटे दोनचा गजर लावून उठणारी मुलं ज्या पिढीत होती, त्या पिढीचा हा डबा.

त्या काळात आपलं बोलणं आणि इंटरनेट एकाच तारेच्या जोडीवरून चालत असे. माणसाचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो. एडीएसएल या ब्रॉडबँड पद्धतीनं त्याच तारेवरची २५ किलोहर्ट्झपासून वरची मोकळी जागा वापरली. ती सुरुवातीला ११०४ किलोहर्ट्झपर्यंत होती, नंतरच्या एडीएसएल-२-प्लसमध्ये साधारण दुप्पट झाली. पिशवीतली पांढरी डबी म्हणजे स्प्लिटर. बोलणं फोनकडे आणि माहिती मोडेमकडे वळवणं हे तिचं काम. ती लावली नाही तर फोनवर सूं-सूं ऐकू यायचं. एक्सचेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी, आणि पावसाळ्यात तारेच्या सांध्यात पाणी शिरलं की खरखर आणि नेट बंद, हे त्या तांब्याचं दुखणं. कागदावर २४ एमबीपीएसची कमाल होती, पण लांबच्या घराला त्याचा लहानसा हिस्साच मिळे.

फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज जात नाही, प्रकाश जातो. घरगुती जोडण्यांत रुळलेल्या जीपॉन पद्धतीत १४९० नॅनोमीटरचा प्रकाश घराकडे येतो आणि १३१० नॅनोमीटरचा परत जातो. मधल्या खांबावरच्या डबीत एकाच तंतूच्या अनेक शाखा होतात, सहसा ३२ किंवा ६४, आणि त्या फाट्याला वीज लागत नाही. प्रकाशाचे पुन्हा विजेचे संकेत करणारी पेटी, म्हणजे ओएनटी, कंपनी घरात बसवून जाते. जुन्या मोडेमच्या फोनच्या भोकात हा तंतू बसत नाही, आणि खटपट करून बसवला असता तरी उपयोग शून्य. मोडेमला प्रकाश वाचताच येत नाही.

इथेच बहुतेक जण चुकतात. मोडेम निकामी झाला म्हणजे डबा निकामी झाला, असं ते धरून चालतात.

डबा उलटा करून मागची बाजू पाहावी. एका टोकाला फोनच्या पिनेचं बारीक भोक, त्यावर ‘डीएसएल’ किंवा ‘लाईन’ असं लिहिलेलं. शेजारी रुंद भोकांची रांग, बहुधा पिवळी, १ ते ४ आकडे घातलेली. मग पिन खुपसायचं रीसेटचं छिद्र, ॲडॉप्टरचं भोक आणि एक-दोन अँटेना. खालच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ असा आकडा आणि ‘ॲडमिन, ॲडमिन’. या एका डब्यात खरं तर चार यंत्रं आहेत. पहिलं मोडेम, फोनच्या तारेची भाषा उलगडणारं. दुसरं राउटर, घरातल्या प्रत्येक फोनला आणि लॅपटॉपला पत्ता देऊन बाहेरची ये-जा सांभाळणारं. तिसरं त्या चार भोकांमधला स्विच. चौथं वायफायचा रेडिओ. फायबर आल्यावर यातलं फक्त पहिलं निवृत्त होतं. दुसऱ्याचं काम नवी पेटी करते. तिसरं आणि चौथं मात्र ठणठणीत असतात, आणि घरात नेमकी त्यांचीच गरज असते.

गरज कुठे असते ते कोकणातल्या घरात लगेच दिसतं. फायबरची वायर खांबावरून पडवीत येते आणि पेटी ओटीवरच्या भिंतीवर बसते, कारण वायर तिथूनच आत येते. मधल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाड. ओटीवर व्हिडिओ झकास चालतो, माजघरात रेंजच्या दोन दांड्या उरतात आणि स्वयंपाकघरात फोन नुसता फिरत राहतो. लॉकडाउनमध्ये मुंबई-पुण्याहून गावी आलेल्या आणि तिथूनच कामाला बसलेल्या कितीतरी जणांनी हा प्रकार भोगला आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींची आणि सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्यांची तक्रारही तीच. भिंत जितकी जाड, दमट किंवा सळ्यांनी भरलेली, तितका रेडिओचा जोर तिच्यात जिरतो.

अशा घरात माजघरात दुसरा रेडिओ हवा असतो, आणि तो माळ्यावर पडलेला असतो.

जोडणी अर्ध्या तासाची आहे. आधी जुना डबा एकटाच चालू करावा, पिनेनं रीसेट दहा सेकंद दाबून धरावं आणि लॅन केबलनं तो लॅपटॉपला जोडावा. ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा आकडा टाकला की पासवर्ड विचारला जातो आणि आतली पानं उघडतात. तिथे दोन बदल महत्त्वाचे. पहिला पत्त्याचा. अनेक फायबर पेट्याही १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरतात. एका घरात एकाच पत्त्याच्या दोन पेट्या चालत नाहीत, म्हणून जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा. नव्या पेटीचा पत्ता वेगळा असेल, समजा १९२.१६८.२९.१, तर जुन्याला १९२.१६८.२९.२ द्यावा. शेवटचा आकडा सोडून बाकी सगळं नव्या पेटीसारखं.

दुसरा बदल डीएचसीपी बंद करण्याचा. हा विसरला की सगळं फसतं. डीएचसीपी म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला पत्ता वाटणारी सोय. दवाखान्यात एकच माणूस टोकन वाटत असला तर रांग नीट चालते. दुसरा माणूस दुसऱ्या दारात बसून स्वतःची टोकनं वाटू लागला, तर डॉक्टरांकडे पोचायचं कसं हेच कुणाला कळत नाही. जुन्या डब्यात डीएचसीपी चालू राहिलं तर नेमकं हेच होतं. कधी नेट चालतं, कधी नाही, फोन बंद करून चालू केला की पुन्हा चालतं, आणि दोष उगाच फायबरच्या माथी मारला जातो. टोकन वाटायचं काम नव्या पेटीकडेच ठेवावं.

मग वायफायचं नाव आणि पासवर्ड द्यावा. दोन्ही पेट्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला की घरात फिरताना फोन एकीकडून दुसरीकडे आपसूक वळतो. काही फोन मात्र ओटीवरचा क्षीण सिग्नल धरून बसतात. त्यांचं वायफाय एकदा बंद-चालू करावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून एका पेटीला १ दिला तर दुसरीला ६ किंवा ११ द्यावा.

शेवटी केबल. नव्या पेटीच्या लॅनच्या भोकातून निघून जुन्याच्या लॅनच्याच भोकात जायची. जुन्याचं फोनचं भोक रिकामं राहतं. शंभर मीटरपर्यंत केबल बिनघोर चालते, घरात तेवढी लागतही नाही. केबल ओढायचा कंटाळा म्हणून बरेच जण जुना डबा रिपीटर करता येईल का विचारतात. एडीएसएलच्या जुन्या डब्यांत ती सोय क्वचित असते, असली तरी दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी जुळेलच असं नाही, आणि जुळली तरी एकच रेडिओ ऐकतो आणि तोच बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. तुळईच्या कडेनं एकदा केबल ठोकून घेणं केव्हाही चांगलं.

आता अपेक्षा. या डब्यांची लॅनची भोकं बहुधा १०० एमबीपीएसची असतात, म्हणजे त्यामागे तीनशेचा प्लॅन घेतला तरी माजघरात शंभराच्या आतच मिळणार. वायफायवर ‘३०० एमबीपीएस’ लिहिलेलं असलं तरी हाती त्याच्या निम्म्याहून कमी येतं. २००३ च्या ‘जी’ पिढीचा, ५४ एमबीपीएसचा डबा असेल तर वीसेक एमबीपीएस मिळाले तरी खूप. तरीही स्वयंपाकघरात रेसिपीचा व्हिडिओ पाहायला, मागच्या खोलीत ऑनलाइन तासाला बसायला ते भरपूर आहे. पूर्ण एचडी व्हिडिओला पाचेक एमबीपीएस लागतात. वायफाय नको असेल तर रेडिओ बंद करून नुसता स्विच म्हणूनही डबा चालतो. टीव्ही, संगणक आणि सेटटॉप बॉक्स एका केबलवर येतात.

जुन्या डब्याच्या मागे ‘लॅन ४ / वॅन’ असं लिहिलेलं भोक असेल, किंवा तो आधी केबलवाल्याच्या लॅन जोडणीवर चालत असेल, तर त्याच्यातला राउटरही कामाला येतो. तो ओएनटीच्या मागे मुख्य राउटर म्हणून लावता येतो.

सुरक्षेच्या बाबतीत ढिलाई नको. जुलै २०१७ मध्ये भारतातले हजारो ब्रॉडबँड मोडेम एका घातक प्रोग्रॅमनं बंद पाडले, कारण त्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता. त्यानंतर ग्राहकांना पासवर्ड बदला असं सांगायची वेळ बीएसएनएलवर आली. फायबर पेटीच्या मागे राहिलेला डबा इंटरनेटला थेट तोंड देत नाही, हे खरं, पण ‘ॲडमिन’चा पासवर्ड बदलायलाच हवा. वायफायला डब्ल्यूपीए-२ निवडावं. डब्यात फक्त वेप ही जुनी पद्धत असेल तर त्याचा रेडिओ वापरू नये, वेप २००१ मध्येच फुटलं आहे. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोयही बंद करावी.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरमध्ये घालायची मुक्त प्रणाली आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या राउटरला तो आजही नवे सुरक्षा-बदल पुरवतो. पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे डबे त्याच्या नव्या आवृत्त्यांत बसत नाहीत, आणि आपल्याकडचे बरेच स्वस्त एडीएसएल मोडेम याच मापाचे. आधी मॉडेल शोधून पाहावं, मगच हात घालावा.

विजेचं बोलायचं तर असा डबा सहाएक वॅट खातो. वर्षभर चोवीस तास चालला तर पन्नासेक युनिट. ॲडॉप्टर मात्र त्याचाच हवा. पिशवीतल्या दोन ॲडॉप्टरपैकी एक ९ व्होल्टचा आणि एक १२ चा, पिना सारख्या, असं हमखास निघतं. डब्याच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते वाचून मगच खुपसावा. तांब्याच्या फोनलाईनवरून वीज शिरून जूनच्या पहिल्या वळवातच मोडेम जळायचे. फायबरनं ती वाट मोडली, पण दोन खोल्यांमधली लॅन केबल तांब्याचीच आहे. ती घरातूनच न्यावी. अंगणातून, खळ्यावरून गोठ्याकडे उघड्यावर ओढलेली केबल पावसाळ्यात दोन्ही पेट्या एकदम घालवू शकते.

डबा भाड्याचा असेल तर यातलं काहीही करण्याआधी तो परत करून पावती घ्यावी, नाहीतर अनामत अडकते. आणि अँटेना तुटलेला, कंडेन्सर फुगलेला, सारखा बंद पडणारा डबा असेल तर त्याला माळ्यावर जागा देऊ नये. राउटर आणि मोडेम ही दोन्ही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत आहेत, ती ओल्या-सुक्या कचऱ्यात जात नाहीत. ई-कचरा म्हणून देण्याआधी रीसेट दाबावं. जुन्या जोडणीचं युजरनेम आणि घराचा वायफाय पासवर्ड आतच राहिलेला असतो.

आणि ज्या डब्याला माजघरात खिळ्यावर जागा मिळाली, त्याच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवावी. पुढच्या वेळी तक्रारीवर येणारा मुलगा वेगळा असेल, दिवे पाहून तो सवयीनं रीसेट दाबायला जाईल. पट्टीवर पेनानं एवढंच हवं: ‘पत्ता १९२.१६८.१.२. डीएचसीपी बंद ठेवले आहे. केबल पिवळ्या भोकातच लावणे. रीसेट करू नये.’