दोन्ही दिशांना बोलणारे ध्वनिक्षेपक

गेली वीस वर्षे आमच्या दिवाणखान्यात गाणे नीट ऐकू येईल अशी जागा एकच होती, आणि ती माझी होती. दोन्ही ध्वनिक्षेपकांपासून समान अंतरावर मांडलेली वेताची खुर्ची. सौभाग्यवतींना गुडघ्यांमुळे खुर्चीत फार वेळ बसवत नाही, म्हणून त्या खिडकीलगतच्या दिवाणावर बसतात. उजवा ध्वनिक्षेपक त्यांच्या अगदी जवळ, डावा पार पलीकडे. एकदा त्या सहज म्हणाल्या, "अहो, तुमचे मन्सूर मला अर्धेच ऐकू येतात." बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मनाला अधिक लागले. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून गाणे ऐकायचे, असे आम्ही ठरविले होते. प्रत्यक्षात मी ऐकत होतो आणि त्या शेजारी बसत होत्या.

त्या शोधात मला बायपोलर ध्वनिक्षेपकांची ओळख झाली. नेहमीच्या पेटीत शंकू केवळ समोरच्या बाजूस असतात. बायपोलर पेटीत तसाच संच पाठीमागेही असतो, आणि पुढचे शंकू बाहेर येतात त्याच क्षणी मागचेही बाहेर येतात. मागचा ध्वनी भिंतीवर आपटून खोलीत पसरतो व त्यामुळे ऐकण्याची जागा रुंदावते. डायपोल हा निराळा प्रकार. त्यात पुढची बाजू हवा ढकलते तेव्हा मागची ओढते, त्यामुळे दोन्ही बगलांना ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो. १९५७ साली बाजारात आलेला क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा मॅग्नेपॅनचे पातळ फलक हे डायपोल. बायपोलर उंच मनोरे मात्र कॅनडाच्या मिराजने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि अमेरिकेच्या डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजीने १९९० च्या दशकात लोकप्रिय केले. आज जे मिळतात ते बहुतेक वापरलेलेच. चित्रपटगृहाचा आभास निर्माण करण्यासाठी भिंतीवर टांगायच्या लहान पेट्याही याच नावाने विकल्या जातात. संगीतासाठी त्या घेऊ नयेत.

एका आवर्ती ठेवीची मुदत संपली होती. पुण्यातील एक तरुण परदेशी जाण्याच्या तयारीत होता. त्याची जोडी २८,००० रुपयांस ठरली. आयुष्यभर तारणाची पाहणी केलेला मनुष्य मी, त्यामुळे जाताना बॅटरी, मल्टिमीटर आणि ओळखीच्या ध्वनिमुद्रिका सोबत नेल्या. शंकूच्या कडेचे वलय फोमचे असेल तर ते दहा-वीस वर्षांत पिठासारखे झडते, आणि दमट हवेत आणखी लवकर; रबराचे वलय पुष्कळ टिकते. हे बोटाने हलकेच चाचपून पाहावे. आठ ओहमच्या वुफरचा मल्टिमीटरवरील आकडा साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान यावा. आकडाच आला नाही तर वेटोळे तुटलेले समजावे. पुढे-मागे शंकू जोडल्याने काही मनोऱ्यांचा एकूण रोध चार ओहमपर्यंत उतरतो, तेव्हा आपला अॅम्प्लिफायर तेवढा भार सोसेल काय, हेही आधी पाहावे. माझ्या मल्टिमीटरवर सारे ठीक दिसले. वलये नुकतीच बदलून घेतल्याचे त्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले. मला तो गुण वाटला.

घरी आल्यावर मात्र गाण्यातला खालचा भागच हरवला. गळा स्वच्छ, सारंगी स्वच्छ. पण डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर मारलेली टिचकी. तीन आठवडे मी तीस-तीस किलोंचे ते मनोरे खोलीभर सरकवीत होतो. दिवाण हलला, लोखंडी कपाट हलले, फुलदाण्या माळ्यावर गेल्या. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "पैसे परत मिळण्यासारखे आहेत का?" नव्हते. तोवर तो तरुण विमानात बसून गेलाही होता.

अखेर एका दुपारी अॅम्प्लिफायरच्या तारा सोडविल्या, पेट्यांवर पायमोज्यासारखे चढविलेले काळे कापड खाली ओढले आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टर्मिनलांना लावला. डाव्या मनोऱ्याचे दोन्ही वुफर बाहेर आले. उजव्याचा पुढचा बाहेर आला, मागचा आत गेला! वलय बदलणाऱ्या कारागिराने तारा उलट जोडल्या होत्या. एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. खर्जातील बेरीज शून्याकडे जात होती. मल्टिमीटर रोध दाखवितो, दिशा दाखवीत नाही. आणि पुण्यात मी कापड उतरवून पाठ पाहिलीच नव्हती. पुढचे पान वाचून सही करणाऱ्या कर्जदारांना मी किती वेळा बोललो असेन! स्क्रू काढून तारा अदलाबदल करायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

यानंतर मांडणीचा खरा प्रश्न उरला. या पेट्यांना पाठीमागे जागा हवी, आणि आपली घरे ती द्यायला नाखूश असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पेटी भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर असेल तर मागचा ध्वनी भिंतीपर्यंत जाऊन परत येताना सुमारे पावणेदोन मिलिसेकंद मागे राहतो, आणि समोरच्या ध्वनीत मिसळून तो गढूळ करतो. ९० सेंटीमीटरवर हाच विलंब पाच मिलिसेकंदांच्या थोडा वर जातो. तेव्हा चिखल न वाटता खोली खोल वाटू लागते. दुसरे गणित खर्जाचे. ज्या ध्वनिलहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा भिंतीच्या अंतराएवढा भरतो, ती परतताना उलटी होऊन मूळ लहरीला मारते. मागच्या वुफरपुरता हिशेब केला तर ६० सेंटीमीटरला ही लहर १४३ हर्ट्झच्या आसपास येते, आणि काळी एक पट्टीतला पुरुषी षड्ज १३९ च्या जवळ असतो. म्हणजे गवयाचा आधारस्वरच अशक्त! पुढचा वुफर भिंतीपासून अधिक दूर असल्याने हा खड्डा पूर्ण रिकामा होत नाही, पण जाणवतो खास. ९० सेंटीमीटरला तो ९५ हर्ट्झकडे सरकला आणि षड्ज मोकळा झाला.

शेवटचा निवाडा कानाचाच. मी केवळ तानपुरा लावून ठेवीत असे, कारण त्याचा नाद अखंड असल्याने पाच सेंटीमीटरचा फरकही कळतो. प्रत्येक जागेची खडूने खूण केली. कोपरा टाळला, कोपऱ्यात खर्ज फुगतो. मागच्या भिंतीवर जाड पडदा लावण्याचा सल्ला एकाने दिला होता, तो मानला नाही. मागचा ध्वनी पडद्याने गिळायचा असेल तर मग बायपोलर घ्यायचेच कशाला? तिथे पुस्तकांची मांडणी ठेवली, लहानमोठ्या ग्रंथांवर ध्वनी विखुरतो. लोखंडी कपाट मात्र मंद्रातील एका स्वरावर थरथरू लागे. दाराला आतून नमद्याच्या पट्ट्या चिकटवून त्याला गप्प केले.

या पेट्यांत उणीवही आहे. तबला नेमका कुठे, सारंगी नेमकी कुठे, हे पूर्वी बोट ठेवून सांगता येई. आता ते थोडे धूसर झाले आहे. एकट्याने, खुर्चीला खिळून ऐकणाऱ्यास मी यांची शिफारस करणार नाही. शिवाय दिवाणखान्याची जवळजवळ तीन फूट जागा कायमची गेली. पाहुण्यांना ते अवघडल्यासारखे वाटते आणि नातवंडांना लपायला एक बोळ मिळाला आहे.

मन्सूरांचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले त्या संध्याकाळी मी मुद्दाम दिवाणाच्या टोकाला जाऊन बसलो. गळा दोन्ही मनोऱ्यांच्या मधोमध नव्हता, थोडा उजवीकडे होता. पण पूर्ण होता. काही वेळाने सौभाग्यवती म्हणाल्या, "ती खुर्ची आता बाहेर सोप्यात टाकली तर चालेल, इथे पायात येते." खुर्ची बाहेर गेली. खडूच्या खुणा फरशीवर अजून आहेत; घर झाडायला येणाऱ्या मावशींना त्या पुसू नका म्हणून सांगून ठेवले आहे.