विश्लेषण : ‘फॉरेव्हर केमिकल्स’ कॉस्टिक सोड्याने नष्ट होतील?

नॉनस्टिक तवे, रेनकोट, खाद्यपदार्थांची वेष्टने, आग विझवण्याचा फोम अशा अनेक वस्तूंसाठी वापरली गेलेली ‘पीएफएएस’ रसायने निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत. म्हणून त्यांना ‘फॉरेव्हर केमिकल्स’ म्हणतात. यांतील एक मोठा गट कॉस्टिक सोडा वापरून मोडता येतो, हे अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने दाखवले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

ही रसायने इतकी चिवट का?

त्यांच्यातील कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत मजबूत बंधांपैकी एक आहे. कोळशाच्या फिल्टरने ती पाण्यातून काढता येतात, पण नष्ट होत नाहीत. फक्त जागा बदलतात. जाळायची तर प्रचंड तापमान लागते. अर्धवट जळाल्यास ती हवेत पसरण्याचा धोका असतो.

नवी पद्धत काय आहे?

प्रा. विल्यम डिक्टेल आणि ब्रिटनी ट्रँग यांनी मजबूत बंधाला हात न लावता रेणूची कमकुवत बाजू शोधली. रेणूला फ्लोरिनने भरलेली लांब शेपटी असते आणि टोकाला ऑक्सिजन असलेले ‘डोके’. डीएमएसओ या द्रावकात कॉस्टिक सोड्यासह ८० ते १२० अंश सेल्सिअसला तापवल्यावर हे डोके तुटते. मग उरलेली शेपटी आपोआप मोडत जाते आणि बहुतांश फ्लोरिन साध्या फ्लोराइडच्या रूपात सुटते. यात ‘पीएफओए’ आणि ‘जेनएक्स’ ही दोन्ही रसायने नष्ट झाली.

मग प्रश्न सुटला का?

नाही. ‘पीएफओएस’सारख्या, वेगळे डोके असलेल्या रसायनांवर ही पद्धत चालत नाही. शिवाय ती नळाच्या पाण्यात थेट वापरता येत नाही. आधी रसायने पाण्यातून वेगळी काढावी लागतात. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. इतके सूक्ष्म प्रमाण गाळून गोळा करणे हेच खर्चिक काम आहे.

आरोग्याला धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

महाराष्ट्राशी संबंध काय?

इटलीतील विचेन्झा परिसरात पाणी प्रदूषित केल्याचा ठपका असलेली मितेनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. मितेनी प्रकरणात जून २०२५ मध्ये इटलीतील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. प्रयोगशाळेतील पद्धत कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत ही रसायने सांडपाण्यात जाऊच न देणे, हाच खात्रीचा उपाय आहे.