समुद्र दूर, वाळू जवळ : नांदेड-लातूरसाठी बीच रग्बी

नांदेड आणि लातूर या शहरांपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. अशा ठिकाणी 'बीच रग्बी'चा विषय काढणे थट्टेचे वाटेल. परंतु या खेळाला लाटांची गरज नाही. त्याला लागते मऊ वाळू, लंबगोल चेंडू आणि अंगाला अंग भिडवण्याची तयारी. यांपैकी शेवटची गोष्ट कबड्डी आणि कुस्तीच्या या प्रदेशात मुबलक आहे. अडचण आहे ती पहिल्या गोष्टीची, म्हणजे वाळूची.

जुनी ओळख

रग्बीचे नाव इंग्लंडमधील रग्बी या गावातील शाळेवरून पडले. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन धाव घेतली, ही कथा प्रसिद्ध असली तरी तिला भक्कम पुरावा नाही. भारताशी मात्र या खेळाचे नाते पक्के आहे. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात रग्बीचा सामना झाला आणि पुढच्या वर्षी तेथे क्लब स्थापन झाला. तो बंद पडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच 'कलकत्ता कप'साठी खेळत आले आहेत. महाराष्ट्रात या खेळाचे जुने घर म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना. भारताचा पुरुष संघ १९९८ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला. १९२४ नंतर ऑलिम्पिकबाहेर राहिलेली रग्बी २०१६ मध्ये सात खेळाडूंच्या रूपात तेथे परतली.

मूळ खेळात प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. एवढे खेळाडू आणि एवढे मोठे मैदान नव्या गावाला झेपत नाही. वाळूवरच्या छोट्या खेळाचे महत्त्व येथेच कळते.

पाच जण, दहा मिनिटे

बीच रग्बीत एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. पाच-पाच मिनिटांचे दोन डाव होतात. वाळूत धावताना दम लवकर लागतो, त्यामुळे खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचे आणि तो जमिनीला टेकवायचा, याला 'ट्राय' म्हणतात. गोलखांब नसल्याने चेंडू त्यांवरून मारून मिळणारे जादा गुण येथे नसतात. सामान्यतः एका ट्रायचा एक गुण धरला जातो. लाथेने चेंडू पुढे उडवणे बहुतेक स्पर्धांत वर्ज्य असते.

रग्बीचा मुख्य नियम येथेही कायम आहे. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जायचे तर धावतच जावे लागते, आणि साथीदारांना नेहमी चेंडूच्या मागे राहावे लागते. ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाच पकडता येते. पकडून पाडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा असतो. खेळ अनवाणी होतो, बूट घालून नव्हे.

मैदानाचे माप ठिकाणानुसार थोडे बदलते. लांबी-रुंदी साधारण तीस-पस्तीस मीटर धरली जाते आणि दोन्ही टोकांना ट्रायसाठी जागा सोडली जाते.

कबड्डीची पकड, कुस्तीचा पट

मराठवाड्यातील खेळाडूला यातला निम्मा खेळ आधीच येतो. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याचे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांचा फड रंगतो. पाय धरून प्रतिस्पर्ध्याला खाली आणणारा एकेरी किंवा दुहेरी पट ही रग्बीच्या पकडीची सख्खी बहीणच म्हणावी. कबड्डीतील घोट्याची आणि मांडीची पकड, चढाई करणाऱ्याला हुलकावणी देण्याची सवय, मातीत पडून उठण्याची तयारी हे सारे येथे उपयोगी पडते.

परंतु काही सवयी मोडाव्याही लागतात. कलाजंग किंवा ढाक मारून प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटण्याबद्दल आखाड्यात टाळ्या मिळतात. रग्बीत मात्र खेळाडूला उचलून डोक्यावर वा मानेवर टाकणे हा गंभीर दोष असून त्याबद्दल मैदानाबाहेर जावे लागते. खांद्याच्या वर पकडणेही चालत नाही. पकडीत दोन्ही हातांनी विळखा घालावा लागतो, नुसता खांदा मारून पाडता येत नाही. शिवाय पकडताना स्वतःचे डोके पडणाऱ्याच्या अंगाखाली येणार नाही, अशा बाजूला ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते. म्हणून प्रशिक्षकाने पहिले काही आठवडे पकड न शिकवता केवळ स्पर्शाने थांबवण्याचा खेळ घ्यावा, पुढे गुडघ्यावर बसून पकड, मग चालत आणि शेवटी धावत, असा क्रम पाळावा.

वाळूचा हिशेब

बीच व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय निकषांत वाळूची खोली किमान ४० सेंटिमीटर सांगितली आहे. हाच निकष धरून ट्रायच्या जागेसह ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद मैदान भरायचे, तर ४८० घनमीटर वाळू लागेल. बांधकामाच्या भाषेत ही सुमारे १७० ब्रास होते. एका मंडळाला हा खर्च पेलणारा नाही.

मग नदीपात्रातच का खेळू नये, असा प्रश्न नांदेडकरांच्या मनात येईल. गोदावरीचे पात्र जवळ आहे हे खरे. परंतु उपशामुळे पात्रात पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत आणि वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी अचानक वाढते. पात्रातून परस्पर वाळू उचलून आणणे तर बेकायदा उपसाच ठरेल. वाळू अधिकृत परवान्याचीच हवी आणि वाहतुकीची पावती जपून ठेवलेली हवी. स्वस्त पर्याय म्हणून दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू सुचवली जाते, पण तिच्या कणांना धार असते. त्यावर पडणाऱ्याची कातडी सोलून निघते.

यावर दोन व्यवहार्य उपाय आहेत. पहिला, मैदान लहान करावे. २५ बाय २० मीटरच्या खड्ड्यात ३० सेंटिमीटर वाळू घातली तर सुमारे ५३ ब्रास पुरते आणि सरावाला एवढे मैदान पुष्कळ झाले. दुसरा, ते एकट्या रग्बीचे ठेवू नये. बीच कबड्डी २००८ पासून आशियाई बीच स्पर्धांत आहे, तर बीच व्हॉलीबॉल १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये. एकाच खड्ड्यावर तिन्ही खेळ होऊ शकतात आणि खर्च तीन ठिकाणी वाटला जातो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपुढे किंवा महाविद्यालयापुढे प्रस्ताव मांडताना हीच बाजू प्रभावी ठरेल.

येथील काळी माती हीही एक अडचण आहे. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तळाला मुरूम आणि खडी अंथरून निचऱ्याची वाट ठेवली नाही, तर पावसाळ्यात वाळूचा चिखल होतो. खडी आणि वाळू यांच्यामध्ये जाड कापड घालावे, म्हणजे दोन्ही मिसळत नाहीत. वापर नसताना ताडपत्री घातली की कुत्र्यांचा उपद्रव टळतो आणि ओलावाही टिकतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मैदानावर रोज पाणी शिंपडण्याची कल्पना करवत नाही.

एका दिवसाची स्पर्धा

आठ संघांचे दोन गट केले तर गटांतील १२ सामने, दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम असे १६ सामने होतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटे धरली तर एका मैदानावर सारी स्पर्धा चार तासांत आटोपते. सकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत दहा सामने आणि सायंकाळी उरलेले सहा, अशी विभागणी उत्तम. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारची वाळू अनवाणी पायांना भाजते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

प्रत्येक संघात दहा जण धरले तर ८० खेळाडूंना संधी मिळते. संयोजकांनी सामन्यांपूर्वी दाताळे फिरवून काचा आणि खडे वेचावेत. दातांसाठी संरक्षक कवच आग्रहाने वापरायला लावावे. प्रथमोपचाराचा जाणकार आणि वाहन मैदानाशेजारी असावे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढावे आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्याला परत उतरवू नये. या नियमाला अंतिम सामन्यातही अपवाद नाही.

मुलींच्या संघाचा विचार पहिल्या वर्षीच व्हावा. २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा खेळाडूंच्या रग्बीतील पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. पालकांचा संकोच घालवायचा तर महिला प्रशिक्षक, कपडे बदलण्याची बंदिस्त जागा आणि मुलींसाठी सरावाची स्वतंत्र वेळ या गोष्टी भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

किनारा आणता येत नाही. पण नीट निचरा केलेला वाळूचा एक खड्डा, दोन चेंडू आणि पकड सुरक्षित कशी करावी हे जाणणारा एक प्रशिक्षक एवढ्यावर खेळाची सुरुवात होऊ शकते. पट काढणारे आणि घोटा धरणारे हात नांदेड-लातूरकडे आधीच आहेत.