जीर्णोद्धार नेमका कुठल्या काळाचा?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं विल्यम्सबर्ग हे जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. त्याच्या मुख्य रस्त्यावर लाल विटांचं ब्रूटन पॅरिश चर्च आहे, १७१५ मध्ये बांधून झालेलं. ज्याच्यामुळे मुंबईच्या चर्चगेटला नाव मिळालं, ते फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ चं. म्हणजे दोन्ही वास्तू एकाच पिढीतल्या आणि मुळात एकाच चर्च ऑफ इंग्लंडच्या. पुढे अमेरिकेतली शाखा ‘एपिस्कोपल’ झाली, मुंबईतली १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली.

ब्रूटनचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला इलाखा, १६७४ चा. जॉन पेज नावाच्या जमीनदाराने दिलेल्या जागेवर १६८३ मध्ये पहिलं विटांचं चर्च उभं राहिलं. १६९९ मध्ये वसाहतीची राजधानी इथे आली आणि ते अपुरं पडायला लागलं. नव्या इमारतीचा आराखडा गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवूड यांनी स्वतः काढला आणि खर्चाची वाटणीही करून दिली. पंचाहत्तर फूट लांबीपैकी त्रेपन्न फूट पॅरिशने बांधावेत, उरलेले बावीस माझ्याकडे लागले. दोन्ही बाजूंचे पंख मात्र वसाहतीच्या विधिमंडळाच्या खर्चाने. देवाच्या दारी गव्हर्नर आणि लोकप्रतिनिधी कुठे बसणार हे आधी ठरलं, मग विटा आल्या.

यात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण चर्च हे तेव्हा सरकारचंच एक खातं होतं. कारभार ‘व्हेस्ट्री’ नावाच्या पंचांच्या हाती. हे पंच पॅरिशचा कर बसवत, गोरगरिबांचीही सोय बघत. धर्मगुरूचा वर्षाचा पगार सोळा हजार पौंड. पण पैशांचे नव्हे, तंबाखूचे. व्हर्जिनियात तंबाखू हेच चलन होतं. प्रार्थनेला न येणाऱ्याला दंड भरावा लागे. गावातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी १७१८ मध्ये पश्चिमेकडे एक माडी बांधली गेली. प्रवचन लांबलं की पोरं काय करायची, हे तिच्या कठड्यावर आजही वाचता येतं: चाकूने कोरलेली नावांची आद्याक्षरं तिथे शाबूत आहेत.

गुलामही याच छपराखाली येत. पॅरिशच्या वह्यांत अठराव्या शतकातल्या हजाराहून अधिक गुलामांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. ख्रिस्ती झालेला माणूस गुलाम कसा राहील, असा पेच कुणी टाकू नये म्हणून व्हर्जिनियाने १६६७ मध्येच कायदा करून ठेवला होता: बाप्तिस्म्याने आत्म्याची सोय होईल, सुटका होणार नाही.

१ जून १७७४ ला याच चर्चमध्ये उपासाची आणि प्रार्थनेची सभा झाली. ब्रिटिशांनी बोस्टन बंदर बंद केल्याचा तो निषेध होता आणि जॉर्ज वॉशिंग्टनने आपण दिवसभर उपास केल्याचं रोजनिशीत टिपलं. त्या निषेधातून जे पुढे घडलं, त्याने ब्रूटनचीच पाळंमुळं हलली. राजा गेला, तसा राजाश्रयही. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला हलली, १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. इंग्लंडच्या राजाची शपथ घेणं आता शक्य नव्हतं, म्हणून अमेरिकेतल्या अँग्लिकनांनी १७८९ मध्ये स्वतंत्र एपिस्कोपल चर्चची घटना केली. १८०२ च्या कायद्याने पॅरिशच्या इनामी जमिनी जप्त करायची वाट मोकळी झाली. आपल्याकडे वतन गेलेल्या वाड्यांची जी गत झाली, तीच इथे झाली. १८३९ च्या सुमारास आत आडवी भिंत घालून प्रार्थनेची जागा छोटी केली गेली. १७६९ च्या मनोऱ्याच्या तळात कोळसा साठवू लागले. यादवी युद्धात, १८६२ मध्ये, गावाजवळ लढाई झाली तेव्हा जखमी सैनिक इथे आणून ठेवले.

१९०३ मध्ये विल्यम गुडविन हे मुख्य धर्मगुरू म्हणून आले. त्यांनी मधली भिंत पाडली, जमिनीखालच्या कबरी तपासल्या आणि १९०७ पर्यंत चर्चला जुनं रूप परत दिलं. जवळच्या जेम्सटाउन वसाहतीचं ते तिनशेवं वर्ष. सातव्या एडवर्ड राजाने बायबल पाठवलं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते ठेवायची घोडी.

गुडविन मोठे चिकाटीचे. एका चर्चवर त्यांचं समाधान झालं नाही. सगळं गावच अठराव्या शतकात न्यायचं त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी त्यांनी जॉन रॉकफेलर धाकटे यांना गाठलं. भाव चढू नयेत म्हणून खरेदी गुडविनच्या नावाने आणि गुपचूप. डिसेंबर १९२६ मध्ये पहिल्या घराला मंजुरीची तार आली. तीत घराचा उल्लेख ‘जुनी वस्तू’ असा, आठ हजार डॉलरच्या जागी नुसतं ‘आठ’ आणि खाली सही ‘डेव्हिडचे वडील’. आपल्या गावाचा गिऱ्हाईक कोण, हे लोकांना कळायला जून १९२८ उजाडला.

मग अठ्ठ्याऐंशी जुन्या इमारती दुरुस्त झाल्या, गव्हर्नरचा वाडा आणि विधिमंडळ पायापासून नव्याने उठले, आणि ठरवलेल्या काळात न बसणारी शेकडो घरं पाडली गेली. काम देखणं झालं, यात वाद नाही. पण काळ कोणता, हे ठरवणाऱ्यांच्या हातात बरंच काही होतं. ब्रूटनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, नॅसो स्ट्रीटवर, कृष्णवर्णीयांचं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च होतं. गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय १७७६ पासून, आधी चोरूनमारून, जमत होते. त्यातूनच ही मंडळी उभी राहिली. त्यांचा उपदेशक गोवन पॅम्फ्लेट स्वतः गुलाम होता, १७९३ मध्ये मुक्त झाला. त्यांची विटांची इमारत १८५६ ची, म्हणजे ठरवलेल्या काळाच्या हिशेबाने ‘नवी’. १९५० च्या दशकात पुनर्बांधणीच्या संस्थेने जागा विकत घेतली, चर्च पाडलं आणि पुढे तिथे डांबर पसरून गाड्या लावायची सोय केली. मंडळी दुसऱ्या रस्त्यावर गेली. अठराव्या शतकातल्या विल्यम्सबर्गमध्ये निम्मी माणसं कृष्णवर्णीय होती. त्या शतकाची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही.

२०२० मध्ये त्याच संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी, आताच्या फर्स्ट बॅप्टिस्ट मंडळींच्या साथीने, ते डांबर उखडलं. पुढच्या वर्षी सोळा फूट बाय वीस फुटांचा विटांचा पाया सापडला: त्यांच्या पहिल्या प्रार्थनाघराचा. आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्या मावतील एवढाच. भोवती साठाहून अधिक कबरी. ब्रूटनकडे वह्या आहेत, त्यांत गुलामांची नावं मालकांच्या नावासोबत लिहिलेली आहेत. इथे दफन झालेल्यांची नावं मिळणं अवघड. कबरी उघडायच्या की नाही, हे वंशजांवर सोपवलं होतं. त्यांनी ‘उघडा’ असं सांगितलं. तीन कबरींची तपासणी झाली आणि २०२३ मध्ये डीएनएचा अहवाल आला: तिघेही पुरुष, तिघेही आफ्रिकी वंशाचे.