गोटी, पाटी आणि पाणसळ

घरातल्या शहाबादी फरशीवर एक गोटी अलगद ठेवून पहा. क्षणभर ती थांबेल आणि मग बहुधा मोरीच्या दिशेने चालू लागेल. गवंड्याने पाणी वाहून जावे म्हणून उतार मुद्दामच दिलेला असतो, त्यामुळे तक्रार करण्याचे कारण नाही. पण ज्या खेळात चेंडूला असा उतार मुळीच चालत नाही, त्याचे टेबल कसे बसवतात?

हा खेळ म्हणजे बिलियर्ड आणि त्याचे भाऊबंद स्नूकर व पूल. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डपटूंचे जगज्जेते झाले, हे तुम्ही वाचले असेल. स्नूकरचा जन्म तर १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानतात.

टेबलावरचे हिरवे कापड सगळ्यांना दिसते. त्याखाली मात्र दगड असतो, आणि तोही तुमच्या ओळखीचा. पूर्वी ज्या पाटीवर मुले बाराखडी गिरवीत, तोच हा पाटीचा दगड! १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी टेबलाला लाकडी फळ्यांऐवजी हा दगड वापरण्यास सुरुवात केली. का, ते अकोल्याच्या मुलांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा दाराची लाकडे सुकून आकसतात आणि जुलैच्या ओल्या हवेत तीच दारे फुगून चौकटीत अडकतात. फळ्यांचे टेबल असेच वाकडे होणार. दगडाला हवेतल्या दमटपणाची फारशी फिकीर नसते.

मग आपला काळा पाषाण का नको? अमरावती-अकोल्याच्या पायाखाली तोच तर आहे. पण तो लाव्हा थंड होऊन बनलेला. फोडला की वेडेवाकडे तुकडे पडतात. पाटीचा दगड मूळचा चिखल. भूगर्भातील प्रचंड दाबाने त्यातले चपटे कण एकाच दिशेने आडवे झाले, म्हणून छिन्नी लावली की त्याचे सपाट पापुद्रे सुटतात. पुढे यंत्रावर घासून ते आणखी सपाट करता येतात.

नऊ फुटी पूल टेबलाला साधारण २५ मिलिमीटर जाडीच्या तीन फरश्या लागतात. तिन्हींचे वजन पाव टनाच्या आसपास भरते. आधी पाय आणि लाकडी चौकट समपातळीत आणतात. मग मधली फरशी ठेवून तिच्याखाली पातळ पाचरी सरकवत ती साधतात आणि तिला धरून बाजूच्या दोन्ही जुळवतात. नियमानुसार दोन फरश्यांच्या सांध्यावर ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखलपणा नको. वहीच्या कागदाच्या जाडीहून हे फारसे अधिक नाही! मग स्क्रू आवळायचे, पुन्हा तपासायचे (आवळताना फरशी हमखास हलते), सांध्यात वितळलेले मेण किंवा लुकण भरायचे आणि वर आलेले खरवडून काढायचे. कापड ताणून बसवायचे ते अगदी शेवटी.

इतकी काटेकोरी कशासाठी? आता थोडे गणित करू. समजा, हळू सोडलेला चेंडू ३ मीटर जाऊन थांबतो आणि कापडामुळे त्याचा वेग प्रत्येक सेकंदाला १० सेंटिमीटरने कमी होतो. म्हणजे त्याला सुमारे ८ सेकंद लागतात. टेबल आडव्या दिशेने मीटरमागे केवळ १ मिलिमीटर कललेले असेल, तर एवढ्या वेळात चेंडू सुमारे १० सेंटिमीटर बाजूला सरकतो. स्नूकरच्या चेंडूचा व्यास आहे ५२.५ मिलिमीटर. नेम अचूक असूनही चेंडू जवळजवळ दोन चेंडूंइतका चुकतो!

गवंड्याची पाणसळ येथे कामाची नाही. पाणसळीतली काचनळी सरळ दिसते, पण ती किंचित कमानदार असते आणि बुडबुडा कमानीच्या माथ्यावर थांबतो. कमान जितक्या मोठ्या वर्तुळाची, तितकी पाणसळ हळवी. मीटरमागे ०.०२ मिलिमीटर कल झाला की बुडबुडा २ मिलिमीटर सरकावा असे हवे असेल, तर त्या वर्तुळाची त्रिज्या १०० मीटर ठेवावी लागते. पाणसळ स्वतः खरी आहे का, हे पाहणेही सोपे आहे. ती उचलून टोकांची अदलाबदल करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा तुमच्या दृष्टीने त्याच बाजूला राहिला तर दोष टेबलाचा. तो दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाणसळीचा.

एवढे सगळे केले, तरी वऱ्हाडात एक जादा अडचण आहे. आपली कपाशीची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतींना तडे जातात आणि जमीनही उचलली जाते. अशा खोलीत दिवाळीला साधलेले टेबल मे महिन्यापर्यंत तसेच राहील याचा भरवसा नाही. पावसाळ्यानंतर पाचरी पुन्हा तपासाव्या लागतात. तुमच्या शाळेची इमारत काळ्या मातीवर असेल, तर वर्गातली एक जागा निवडून गोटी जूनमध्ये कुठे जाते आणि जानेवारीत कुठे जाते, हे वहीत टिपून ठेवा.