वजरीची परीक्षा

शिरवणे हे ठाणे खाडीच्या पूर्वेकडचं जुनं गाव, आता जुईनगर-नेरूळच्या इमारतींनी वेढलेलं. आगरी-कोळ्यांच्या अशा गावठाणांत मान मासळीचा. पण बोकड कापला की मुंडी, पाय, कलेजी, भेजा सगळंच रांधलं जातं. नवख्या खवय्याची खरी परीक्षा मात्र वजरी घेते.

वजरी म्हणजे जठर आणि आतडी. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या जठराला चार कप्पे असतात. एकाचं अस्तर टॉवेलसारखं लवदार, दुसऱ्याचं मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार. गरम पाण्यातून काढून, खरवडून, मीठ-हळद चोळून ती पुन्हा पुन्हा धुवावी लागते, नाहीतर वास राहतो. मग कुकरच्या भरपूर शिट्ट्या, आलं-लसणाचं वाटण, झणझणीत मसाला आणि तांदळाची भाकरी.

जठराचा असा वापर इतरत्रही होतो. स्कॉटलंडचा हॅगिस हा पदार्थ परंपरेने मेंढीच्या जठरातच शिजतो. फ्लॉरेन्समध्ये गाईच्या जठराचं ‘लाम्प्रेदोत्तो’ पावात घालून रस्त्यावर विकतात.

वेगळं काही खाण्याच्या हौसेपायी घोरपडीच्या वाटेला मात्र जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिची शिकार आणि विक्री गुन्हा आहे.

वजरी ओळखीच्या खाटकाकडून, त्याच दिवशीची घ्यावी. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.